तिच्या वजनाची हवा

फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभा होतो. मुगाची पातळ खिचडी कुकरात होती आणि स्टीलचा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. चार दिवसांपासून रोजचं ठरलेलं होतं. सुमन, म्हणजे माझी बायको, रायपूरच्या दवाखान्यात मुलीजवळ थांबायची आणि मी भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरून डबा घेऊन जायचो. फोन सुमनचाच होता. ती एवढंच म्हणाली, "डबा आनू नका आता." मी विचारलं, "काहून? खात नाई का ते?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि ती संपेपर्यंत मला कळून चुकलं होतं... आमची वैशू गेली. एकतीस वर्षांची होती. मी गॅस बंद केला, डबा फडताळात ठेवला, चपला घातल्या. अशा वेळी माणूस काय करतो असं मला आधी कुणी विचारलं असतं, तर मी काहीतरी मोठं सांगितलं असतं. प्रत्यक्षात मी ती खिचडी आता कुणाला द्यायची याचा विचार करत घराबाहेर पडलो.

त्याला आता दीड महिना होत आला. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. भंडाऱ्याकडचे नातेवाईक आले, कारखान्यातले जुने सोबती आले, जवळच्याच पद्मनाभपूरची माझी मेहुणी मुक्कामालाच आली. जो तो एकच वाक्य बोलत होता, "सुटली बिचारी." मला या वाक्याचा संताप येतो. सुटायला ती अडकली कशात होती? तिला नोकरी होती, मैत्रिणी होत्या, दर रविवारी पहाटे उठून कुठल्यातरी डोंगरावर कडमडायला जायचं वेड होतं. तिला सुटायचं नव्हतं. एका सद्गृहस्थानं सांगितलं की देवाला चांगली माणसं लवकर लागतात. लागू देत. पण मग देवानं आपली माणसं स्वतः घडवावीत, दुसऱ्याच्या घरून उचलून नेऊ नयेत. शिवाय वैशू काही तशी चांगली वगैरे नव्हती. हट्टी होती, फटकळ होती, आईला उलट उत्तर दिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि कुणी तिचा कंगवा वापरला तर ती घर डोक्यावर घ्यायची. मला ती तशीच्या तशी हवी आहे.

तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी तिची सायकल दिसते, त्याला माझा इलाज नाही. मी पोलाद कारखान्यात हायड्रॉलिकचा फिटर होतो. मोठमोठे सिलिंडर, तेलाच्या जोरावर त्यांतून आत-बाहेर करणारे दांडे, आणि दांड्याभोवती घट्ट बसलेली रबराची कडी, म्हणजे सील. तेल आत राहिलं पाहिजे आणि धूळ बाहेर, एवढंच सीलाचं काम. ते झिजलं की तेल गळतं, तेल गळलं की जोर जातो, आणि जोर गेला की लाइन बंद पडून साहेब लोक धावत येतात. माझी उभी हयात सीलं काढण्यात आणि बसवण्यात गेली. निवृत्त झालो, हुडकोत घर घेतलं आणि म्हटलं, आता तेलाचा वास नको. तर वर्षभराच्या आत वैशूनं आपल्या पगारातून एक जुनी, जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल रायपूरहून आणून मागच्या ओसरीत उभी केली. तिच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी काय होतं? दोन नळ्या, त्यांत सरकणाऱ्या दोन चकचकीत नळ्या, तेल आणि सील. आमच्याकडे त्याला सरळ शॉकर म्हणतात. खड्डा आला की तो दबतो आणि परत वर येतो, म्हणजे धक्का हातापर्यंत पोचत नाही.

सुमननं सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "तुह्या वयाच्या पोरी स्कूटी घेतात. हे धूड घेऊन सासरी जाशीन काय तू?" वैशू हेल्मेट काढता काढता म्हणाली, "ससुरालवालों को बोल, पार्किंग की जगह रखें." ती घरात बोलायची मराठीच, पण राग आला किंवा थट्टा सुचली की हिंदीत शिरायची. लग्नाचा विषय तिनं असा कायम हिंदीत टोलवला. ती एका छोट्या कंपनीत मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसल्यावर तिला रविवार मोकळा लागायचा. निकिता नावाची तिची एक मैत्रीण होती, तिच्याबरोबर ती दल्लीच्या खाणींच्या बाजूला, कधी बालोदकडे, मुरुमाच्या वाटांनी भटकून यायची. परत आली की पायांपासून भुवयांपर्यंत लाल झालेली असायची. दारातच उभी राहून हाक मारायची, "आई, पाणी. आंदर नाई येत मी." सुमन बादली घेऊन जायची आणि तोंडानं बडबडत तिच्या पाठीवर पाणी ओतायची. त्या दोघींचं प्रेम असंच होतं, एकीनं बोलायचं आणि दुसरीनं त्याहून जास्त बोलायचं.

आमच्या इकडची धूळ साधी नाही. भिलाईत खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तरी लाल निघतं, मग खाणीकडच्या वाटांचं काय सांगावं. ही धूळ शॉकरच्या नळीवर बसते, नळी आत-बाहेर करताना सीलाच्या ओठाला घासते, आणि काही महिन्यांत नळीवर तेलाची ओली रेघ दिसू लागते. तशी ती दिसली. सायकलच्या दुकानदारानं तिला सांगितलं की हे इथं होत नाही, रायपूरला पाठवावं लागेल. ती घरी येऊन हे सांगत होती आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकत होतो. हा माझा अपमान होता. मी म्हटलं, "ज्यानं आयुष्यभर सीलं बदलले, त्याच्या घरची सायकल रायपूरले जाईन काय? मागव सील."

सीलं आली तेव्हा विश्वकर्मा पूजा होती. त्या दिवशी औजाराला हात लावायचा नसतो, हे भिलाईत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बापलेक मागच्या ओसरीत वर्तमानपत्रं अंथरून बसलो. पुढे हा आमचा दरवर्षीचा दिवसच होऊन गेला. चाक काढायचं, शॉकरमधली हवा सोडायची, खालचे नट ढिले करून रबरी हातोड्यानं दोन ठोके द्यायचे, की जुनं तेल काळ्या चहासारखं खाली ठेवलेल्या पातेल्यात गळायला लागतं. मग खालच्या नळ्या ओढून काढायच्या आणि तोंडाशी बसलेलं जुनं सील उचकटायचं. यासाठी पातळ आणि रुंद असं काहीतरी लागतं, पण नळीला ओरखडा पडता कामा नये. वैशू आत गेली आणि आईचा सराटा, म्हणजे उलथनं, घेऊन आली. त्याला फडकं गुंडाळून आम्ही सील अलगद वर काढलं. दुपारी सुमनला पोळ्या भाजायच्या होत्या. "सराटा कुठं हाय माहा?" ती आतून ओरडली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सराटा वर्तमानपत्राखाली सरकवला. शेवटी सराटा सापडला तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं ते छापण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी मी पॉवर हाउस भागातल्या बाजारातून नवा सराटा आणला आणि जुना आमच्या औजारांच्या पेटीत कायमचा दाखल झाला.

सील सरळ बसवणं हे खरं काम. तिरपं बसलं की संपलं. मी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा कापून त्याच्या मापाचा केला होता, तो सीलावर ठेवून मी हलके ठोके दिले आणि सील जागेवर बसलं. तो आवाज बदलतो, ठक्‌चा ठप्प होतो, तो वैशूला एकदा ऐकवला आणि पुढे कधी सांगावा लागला नाही. इथवर सगळं उत्तम. मग मी कारखान्यातली अक्कल वापरली. कारखान्यात सिलिंडर गळला म्हणजे नाचक्की, आणि घट्ट धरून राहिला म्हणजे शाबासकी. त्या हिशेबानं मी शॉकरमध्ये चांगलं जाड तेल घातलं आणि पंपानं हवा भरली ती अशी की हँडलवर पूर्ण भार टाकला तरी ते दबेना. मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी रविवार आला, वैशू सायकल घेऊन गेली आणि संध्याकाळी दोन्ही मनगटं सुजवून आली. "बाबा, ये तो पत्थर हो गया." मी म्हटलं, "थेंब गळला का?" ती हात पुढे धरून म्हणाली, "गळून नाई राहिला, तेवढंच पाह्यता का तुमी? शॉकरले दबाले पायजे, बाबा. दबला नाई तं सगळा मार हातावर येते."

मग ती मला शिकवायला बसली. मला शिकवलेलं आवडत नाही, पण तिनं शिकवलेलं चालायचं. या शॉकरमध्ये स्प्रिंगच्या ऐवजी हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. जड माणसाला जास्त, हलक्याला कमी. नळीवर तसा एक स्टिकर चिकटवलेला होता, इतक्या वजनाला इतकी हवा. भरल्यावर सायकलवर नुसतं बसायचं. नळीवर एक रबराची बारीक रिंग असते, ती शॉकर दबला की वर सरकते आणि तिथंच राहते. उतरून रिंग पाहायची. ती थोडी सरकलेली असली की हवा बरोबर. न सरकली तर तुमच्या वजनाला ती सायकल दाद देत नाही, आणि पार वर गेली तर तुम्ही तिला झेपत नाही. म्हणजे प्रत्येकाची हवा वेगळी. दुसऱ्याच्या हवेवर आपण चालवायची नाही. त्या दिवशी आम्ही पातळ तेल घालून तिच्या वजनाची हवा भरली, आणि मी वाढलेल्या पोटासह एकदा बसून पाहिलं तर शॉकर सपशेल खाली गेला. ती हसता हसता ओसरीच्या खांबाला टेकली.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी तिचं पोट दुखायला लागलं. आम्ही ओवा दिला, सुमननं हिंग लावलं, मेहुणीनं नजर काढली. तपासण्या झाल्या आणि आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचलेला. हे शब्द मी आता सरळ लिहितो आहे. तेव्हा घरात कुणी उच्चारत नव्हतं. मी तर अजिबात नाही. मला वाटायचं, नाव घेतलं की त्याला बसायला पाट दिल्यासारखं होईल. सलाइनमधून औषधं सुरू झाली. त्या औषधानं तिच्या बोटांची अशी गत झाली की थंड वस्तूला हात लागला की सुया टोचायच्या. भिलाईच्या उन्हाळ्यात ती लोकरीचे हातमोजे घालून फ्रिज उघडायची. मी तिला रोज सांगायचो, पुढच्या महिन्यात फरक पडेल. डॉक्टर काय सांगत होते ते मी ऐकत होतो, पण माझं मन एकाच शब्दावर अडून बसलं होतं. पुढचं. पुढची सलाइन, पुढची तपासणी, जमलं नाही तर नागपूर, नाहीच तर मुंबई.

सायकल ओसरीत उभी होती. उभी राहिली की सीलं सुकतात, मग ती धरत नाहीत. एक दिवस वैशू भिंतीला धरून धरून ओसरीत आली आणि सायकलीखाली फरशीवर तेलाचा डाग पाहून माझ्यावर चिडली. "गळून राहिला अन् तुमी पाह्यलं नाई?" आत जाऊन तिनं मोबाइलवर नवी सीलं मागवली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी सुमनला म्हटलं, "पाह्यलं का, पोरगी सायकल दुरुस्त करून मागते. म्हनजे मनानं ते बरी झाली." सुमन कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. तिला कळलं होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं, एवढाच आम्हा दोघांत फरक होता.

विश्वकर्मा पूजा अजून लांब होती, पण आम्ही थांबलो नाही. सकाळी ऊन ओसरीत आलं तेव्हा तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाठीशी उशी देऊन बसवलं. नळ्या, नट, पाने सगळं मी आधीच उन्हात मांडून ठेवलं होतं, तिच्या बोटांना सोसेल इतकं ऊबदार व्हावं म्हणून. एकेक वस्तू मी आधी माझ्या गालाला लावून पाहायचो आणि मग तिच्या हातात द्यायचो. तिनं आपल्या हातानं नव्या सीलाच्या ओठाला ग्रीस लावलं. फार वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती, पण मी घाई केली नाही. हवेच्या बाजूची आतली कडीही आम्ही बदलली. सील ठोकताना ती डोळे मिटून बसली होती. आवाज बदलला तसं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बसलं." ते दोन तास माझ्या आयुष्यातले शेवटचे बरे तास असावेत. नंतर तसे काही आले नाहीत आणि यायचं कारणही उरलेलं नाही.

हवा भरायची वेळ आली. मी पंप लावला आणि नेहमीच्या आकड्यापर्यंत काटा नेला. ती पाहत होती. म्हणाली, "एवढी कोनासाठी?" मी म्हटलं, "तुह्यासाठी. नेहमी एवढीच तं भरतो."

"आज जेवढं वजन हाय तेवढी भरा न."

"वजन काय, येतेच परत. दोन महिन्यांत पुन्हा भरन्यापेक्षा..."

"बाबा, सायकल पकडा."

मी हँडल धरून सायकलचं पुढचं चाक दोन पायांत घट्ट दाबून उभा राहिलो. ती खुर्चीवरून उठली, माझ्या खांद्याला धरून कशीबशी चढली आणि बसली. हँडल माझ्या हातात होतं. माणूस बसला की हँडलला कळतं, शॉकर थोडा श्वास सोडल्यासारखा खाली जातो. तो गेला नाही. ती पुढे वाकून सगळा भार टाकत होती आणि माझ्या तळहातांना काहीसुद्धा जाणवत नव्हतं. ती उतरली, खुर्चीवर टेकली आणि बोटानं रिंग दाखवली. रिंग होती तिथंच होती. "पाहा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमली होती फक्त. "मी बसली अन् सायकलले पता भी नाई चला. तुमी जिच्यासाठी हवा भरली न, ते वैशू आता नाई हाय बाबा. आता जे हाय तिच्यासाठी भरा."

मला तेव्हा फार राग आला होता आणि तो तिच्यावर होता. मरणाऱ्या माणसावर राग येतो हे कुणी सांगत नाही. वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा हट्ट कशाला? हवा तर आहे, राहू दे की जास्त. पण ती हट्ट करत नव्हती. सहा महिने ती मला काहीतरी सांगू पाहत होती आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या महिन्याचं नाव काढून तिचं तोंड बंद केलं होतं. आता तिनं मला माझ्याच धंद्यातल्या भाषेत सांगितलं होतं, म्हणजे कानाडोळा करायलाही जागा नव्हती. सुमन केव्हापासून दारात उभी होती मला माहीत नाही. ती म्हणाली, "करा न ते म्हनते तसं."

मी व्हॉल्व्ह दाबला. हवा फुस्स करून जाऊ लागली. स्टिकरवरचे आकडे मी चष्मा लावून पाहिले आणि पुन्हा पाहिले, कारण तिच्या वजनाला तिथं ओळच नव्हती. पहिली ओळ सुरू व्हायची तीच तिच्या वजनाच्या वर. मोठ्या माणसांसाठी बनवलेला शॉकर तो, इतक्या हलक्या माणसाचा कुणी विचारच केला नव्हता. मग अंदाजानं केलं. मी थोडी हवा सोडायचो, ती चढून बसायची, मी रिंग पाहायचो, ती उतरून दम घ्यायची. शेवटी एकदा ती बसली आणि हँडल माझ्या हातात हलकेच खाली गेलं. "आता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आता बरोबर." काटा ती वाचत होती. तिनं आकडा मोठ्यानं वाचला आणि मी तो तिच्यामागून म्हटला. एवढंच झालं. पण तो आकडा माझ्या तोंडून निघाला, आणि आम्हा तिघांनाही कळलं की मी काय कबूल केलं.

त्यानंतर ती बराच वेळ बोलली. सायकल निकिताला द्यायची म्हणाली. पुढची सलाइन नको म्हणाली, नागपूर नको, मुंबई तर नकोच. "मले घरीच राहू द्या. या ओसरीत खाट टाका, इथं ऊन येते." मी म्हटलं, "बरं." तिनं माझा तेलकट हात आपल्या मोज्यातल्या हातात धरला आणि म्हणाली, "थंड नाई लागत तुमचा हात." लोक म्हणतात, खरं बोलून टाकलं की मन हलकं होतं. तिचं झालं असेल, तसं दिसत होतं तरी. ती त्या दुपारी दोन घास जास्त जेवली. माझं काही हलकं झालं नाही. त्याआधी माझ्याजवळ निदान खोटी आशा होती, सकाळी उठायला तेवढी पुरायची. ती त्या व्हॉल्व्हमधून गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. शहाणपण आलं नाही, शांती तर नाहीच. ज्यांना येते त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला त्यांचा हेवा वाटत नाही.

खाट आम्ही ओसरीत टाकली. ती तिच्यावर जेमतेम तीन आठवडे झोपली. ऊन पायांवर घेऊन ती सायकलीकडे बघत पडायची आणि मी शेजारी बसून पेपर वाचून दाखवायचो. मग श्वास लागायला लागला, छातीत पाणी झालं, रात्र निघेना, आणि ते उघड्या डोळ्यांनी पाहणं आम्हाला जमलं नाही. आम्ही तिला रायपूरला नेलं. घरी राहू द्यायचं एवढं एक तिनं मागितलं होतं आणि तेही शेवटपर्यंत देता आलं नाही. तिनं तक्रार केली नाही. गाडीत बसताना फक्त म्हणाली, "सायकल धुपीत नका ठेवजा, सील सुकते." नंतरचे चार दिवस डब्याचे. ते वर लिहिलेच आहेत.

तेरवीनंतर निकिता आली. छत्तीसगढी मुलगी, वैशूएवढीच, धट्टीकट्टी. वैशूनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सायकल न्यायला म्हणूनच आली होती. सुमननं तिला पोहे दिले. ते तिनं संपवले, ओसरीत आली, सायकलीच्या सीटवरून हात फिरवला आणि सवयीनं हँडलवर भार टाकला. शॉकर खोल गेला. "काका, हवा बहुत कम है. मेरे लिए भरनी पड़ेगी." मी पंप आणायला उठलो. खरंच उठलो. वैशूचा शब्द होता आणि मुलगी वाट पाहत होती. पेटी उघडली, पंप हातात घेतला, आणि तो घेऊन मी तिथंच उभा राहिलो. त्यात आणखी हवा घालणं मला शक्य नव्हतं. जगात वैशूच्या वजनाचं काही उरलं असेल तर ते त्या नळीत होतं. अस्थींचं वजन मी हातांनी पाहिलं आहे, ते तिचं नव्हतं. मी निकिताला म्हटलं, "बेटा, सील अभी नया है. बैठने दो." तिला सीलातलं कळत होतं. नवं सील बसायचं तर सायकल चालवावी लागते, उभी ठेवून ते कधी बसत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक है काका. जब आप बोलोगे." जाताना ती सुमनच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, बरं केलं.

सायकल ओसरीत आहे, सावलीत. नळीवरून बोट फिरवलं तर कोरडं निघतं, तेल धरून आहे. पण हवेचं तसं नसतं. हवेला कायमचं अडवेल असं सील मी कारखान्यात पाहिलं नाही आणि घरी बसवलेलं तर नाहीच. ती दिवसाला कणभर निघत असणार. किती उरली हे पाहायला पंप लावावा लागतो, आणि लावला की थोडी पंपाच्याच नळीत निघून जाते. म्हणून मी मोजत नाही. सुमन सकाळी ओसरी झाडते तेव्हा सायकल जागची हलवत नाही, भोवतीनं झाडते. तिला यातलं काही मी समजावून सांगितलेलं नाही. काल झाडता झाडता ती थांबली, केरसुणी हातात तशीच धरून शॉकरकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हाय न हो त्याच्यात अजून?"

"हाय," मी म्हटलं. तिला खोटं सांगायचं माझ्या मनात होतं. पण या ओसरीत ते आता मला जमत नाही.

"हाय, पन जाऊन राहिली."